रद्दीचा रविवार: चर्चच्या मदतनिधीसाठी कागद आणि भंगार गोळा करायचं तर

मुंबईतल्या अनेक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका कॅथलिक चर्चच्या परिसरात, महिन्यातला एक रविवार रद्दीचा असतो. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येताना लोक वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन येतात, आवारातल्या ठरलेल्या कोपऱ्यात ठेवतात आणि आत जातात. दुपारपर्यंत रद्दीवाला काटा लावून सगळं उचलतो. आलेले पैसे बहुधा संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे जातात, जिला सगळे नुसतं एसव्हीपी म्हणतात. त्यातून कुणाच्या मुलीची फी भरली जाते, कुणाची औषधं येतात, एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजींचं महिन्याचं वाणसामान भरलं जातं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ही संस्था सुरू केली. तेव्हापासून घरोघरी जाऊन गरजूंना भेटणं हेच तिचं काम आहे, आणि मदत घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही ही तिची रीत.

तुमच्या पॅरिशमध्ये हे काम बंद पडलं असेल आणि आता कुणीतरी ते तुमच्या गळ्यात घातलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर एसव्हीपीच्या जागी तुमचा महिला संघ किंवा तरुण संघ धरा. काटा सगळ्यांना सारखाच.

आधी हिशेब

एका घरी रोज एक पेपर येत असेल, तर महिन्याला साधारण पाच किलो रद्दी निघते. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत आज पेपर घेणारी पंधरा घरं मिळाली तरी पुष्कळ, कारण २०२० च्या टाळेबंदीत बंद केलेला पेपर अनेकांनी परत लावलाच नाही. म्हणजे इमारतीमागे ७५ किलो. भाव नुसता हिशेबापुरता १२ रुपये धरू, कारण तो सारखा हलत असतो. झाले ९०० रुपये. पाच इमारती आल्या तर ४,५००. दोन-तीन घरांच्या महिन्याच्या किराण्याला हातभार लागेल एवढी ही रक्कम. चर्चचं छप्पर यातून होत नाही. फादरांना आणि कमिटीला हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका, म्हणजे तिसऱ्या महिन्यात तोंडं उतरणार नाहीत.

या हिशेबातून एक नियम आपोआप निघतो: माल आपण हलवायचा नाही. पाच इमारती फिरायला टेम्पो केला, दोन हमाल घेतले, पोरांना वडापाव खिलवला की रद्दीचा मोठा भाग तिथेच संपला. एक तर लोकांनी चर्चला येताना गठ्ठा हातात आणावा, नाहीतर रद्दीवाल्याने इमारतीच्या गेटवर यावं. मरोळ, कालिना, चुईमसारख्या गावठाणांत तर टेम्पो गल्लीत शिरतही नाही. तिथे त्याची हातगाडीच फिरते आणि तेच बरं.

पैसे कुणाच्या नावावर

पॅरिश म्हणजे बहुधा नोंदलेली विश्वस्त संस्था असते, तिचं बँक खातं असतं, लेखापरीक्षण होतं. तुमचा उपक्रम त्या छत्राखालीच ठेवा. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१-क कलमाखाली परवानगी काढतात. तेव्हा चार मित्रांनी मिळून ‘अमुक नगर ख्रिस्ती युवक’ असं पावतीपुस्तक छापायच्या भानगडीत पडू नका. फादरांकडून लेखी होकार घ्या आणि रद्दीवाल्याला चर्चच्या किंवा एसव्हीपीच्या खात्याचाच क्यूआर द्या. स्वतःचा क्यूआर ‘या एका वेळेपुरता’सुद्धा नको. तुम्ही कितीही सरळ असलात तरी पैसे आधी तुमच्या खात्यात आले ही गोष्ट पॅरिशभर फिरायला एक मिस्सा पुरते.

कुणी विचारेलच, ‘रद्दी दिली, ८०-जी ची पावती मिळेल का?’ नाही मिळणार. ती करसवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. रोख देणगीलाही २,००० रुपयांच्या वर ती लागू होत नाही. ज्याला पावती हवी त्याने रद्दी स्वतः विकावी आणि पैसे खात्यात भरावेत.

रद्दीवाला आधी, घोषणा मग

नवी मंडळी हमखास उलट करतात. रविवारी फादर घोषणा करतात, पुढच्या रविवारी आवारात ढीग लागतो आणि मग रद्दीवाला शोधायला धावाधाव. ढीग दारात पडलाय हे दिसलं की भाव आपोआप उतरतो.

परिसरातल्या तीन दुकानांत जाऊन भाव विचारा, पण नुसता ‘रद्दीचा भाव काय’ असं विचारू नका. इंग्रजी पेपर, मराठी पेपर, वह्या-पुस्तकं, मासिकाचा गुळगुळीत कागद, पुठ्ठा, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम अशी यादी हातात ठेवा आणि प्रत्येकाचा वेगळा भाव लिहून घ्या. काही दुकानांत इंग्रजी पेपरला मराठीपेक्षा थोडा जास्त भाव मिळतो. सगळं एकत्र केलं की सगळं खालच्या भावात जातं.

सगळ्यात जास्त भाव सांगणाऱ्याकडे लगेच जाऊ नये, असं माझं मत. या धंद्यात भावापेक्षा काटा महत्त्वाचा. किलोमागे रुपया जास्त देणारा काट्यावर दहा किलोंत एक किलो मारत असेल, तर तोटा आपलाच. तपासायला सोपा उपाय आहे: एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दुकानातून आणलेल्या एक-एक लिटरच्या पाच बंद बाटल्या काट्यावर ठेवा. बाटलीचं स्वतःचं वजन धरून पाच किलोंच्या थोडं वर दिसायला हवं. हे हसतखेळत, पहिल्याच भेटीत करा. प्रामाणिक रद्दीवाल्याला त्याचा राग येत नाही. हुकाला लटकवायच्या ताणकाट्यापेक्षा सपाट डिजिटल काटा मागा. ताणकाट्यावर गठ्ठा झुलत असताना आकडा कुणी वाचला आणि किती वाचला, यावर वाद होतात.

एकदा माणूस ठरला की त्यालाच धरून राहा. दर महिन्याला ठरल्या वेळी, ठरल्या जागी, वेगवेगळा करून बांधलेला माल मिळतो म्हटल्यावर तोही वेळ पाळतो. त्याचंही पोट आहे. तो पुढे ठोक व्यापाऱ्याला देतो, तिथून कागद वापीकडच्या गिरण्यांपर्यंत जातो, आणि गिरणीने भाव पाडला की त्याचाही पडतो. दोन रुपये कमी झाले तर लगेच चोर ठरवू नका, शेजारच्या दुकानात विचारून घ्या.

काय घ्यायचं

पहिले सहा महिने फक्त कागद आणि धातू. हा माझा हट्ट आहे, कारणं पुढे येतील.

वर्तमानपत्रं सुतळीने बांधलेली, साधारण पाच किलोंचे गठ्ठे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली रद्दी मोजायला त्रास, आणि पिशवीच्या तळाशी काय निघेल याचा भरवसा नाही. अखंड, स्वच्छ पेपरला भाव असतो कारण त्यातला बराचसा पुड्या आणि बांधाबांधीलाच जातो. (छापील कागदात खाण्याचे पदार्थ बांधायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मनाई आहे. वडापावच्या गाडीवर ती कितपत पोचली आहे ते तुम्हाला माहीत आहे.)

पेपर कमी झाला तसा पुठ्ठा वाढला. ऑनलाइन खरेदीचे खोके प्रत्येक घरात आहेत. खोका चपटा करायला सांगा, चिकटपट्टी काढायला सांगा, आणि पत्त्याचं लेबल फाडायला आवर्जून सांगा, कारण त्यावर नाव, घर नंबर, कधी मोबाइलही असतो. बँकेची पत्रं, आधारच्या झेरॉक्स, दवाखान्याच्या फायली लोक रद्दीत बिनधास्त टाकतात. त्या दिसल्या की बाजूला काढून ज्याच्या त्याला परत द्या किंवा तिथेच बारीक फाडा.

वह्या-पुस्तकं एप्रिल-मेमध्ये येतात. वह्यांची स्प्रिंग काढून टाका, ती लोखंडात जाईल. चालू अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं मात्र काट्यावर चढवू नका. किलोच्या भावात त्यांचे चार पैसे येतील, आणि एसव्हीपी ज्या घरात फी भरते तिथेच कदाचित ती हवी असतील.

दूध-ज्यूसचे टेट्रापॅक, मेण लावलेले पेपर कप, दुकानांच्या गुळगुळीत पावत्या, पिझ्झाचे तेलकट खोके घेऊ नका. टेट्रापॅकमध्ये कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, साध्या कागदगिरणीला ते वेगळे करता येत नाहीत.

धातूसाठी खिशात एक लोहचुंबक ठेवा. चिकटलं ते लोखंड, पत्रा. न चिकटलेल्यात अ‍ॅल्युमिनियम, पितळ, तांबं, आणि पुष्कळदा स्टीलची भांडीही. लोखंड आणि तांबं यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून ही वेगळीक तुम्हीच करायची, काट्यापाशी घाईत व्हायला नको. वायर जाळून तांबं काढायचं नाही. वरचं आवरण जळताना विषारी धूर होतो. वायर आहे तशी विका. पितळेचा हंडा, तांब्याची कळशी आली तर दारात पुन्हा एकदा विचारा, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला. सुनेने दिलेला हंडा सासूबाई संध्याकाळी मागायला आल्या, तर तुमची बाजू घ्यायला कुणी येणार नाही.

आणि चर्चचा हॉल. लग्न, बारसं, नाताळची पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बिअरचे कॅन असतात. रिकामा कॅन १३ ते १५ ग्रॅमचा, म्हणजे किलोला सत्तरएक लागतात, पण अ‍ॅल्युमिनियमला भाव आहे. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम करण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून ते कुणी फेकत नाही. कॅन चेपून पोत्यात भरा. कागद-धातूच्या नियमाला हॉलमधल्या बिअरच्या बाटल्या हा एकच अपवाद: त्या नगावर विकल्या जातात, तोंडाला टवका उडालेली चालत नाही.

फक्त हॉलमध्ये हात घालायच्या आधी एक चौकशी करायची असते, आणि हीच चौकशी प्रत्येक दारावर करायची असते.

ही रद्दी आत्ता कुणाला जाते?

हॉल झाडणाऱ्या माणसाला त्या कॅनचे पैसे आजवर मिळत असतील, तर ते त्याचे आहेत. कागदोपत्री नसतील, पण त्याच्या महिन्याच्या हिशेबात ते धरलेले असतात. मुंबईतल्या कितीतरी घरांत रद्दी घरकामाच्या मावशींना दिली जाते, काही इमारतींत वॉचमनला. चर्चमधून आवाहन आलं की लोक भाविकपणे ती तुमच्याकडे वळवतात, आणि मावशी काही बोलत नाहीत. गरिबाला द्यायला गरिबाच्याच पदरातून काढलं, असं होतं ते. म्हणून दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य हे ठेवा: ‘तुमची रद्दी सध्या कुणाला देता?’ उत्तर ‘मावशींना’ असं आलं तर ‘त्यांनाच द्या’ म्हणा आणि पुढच्या दारावर जा. ‘रद्दीवाल्याला विकतो’ किंवा ‘पडून आहे’ असं आलं तर खुशाल मागा. रद्दीवाल्याचं यात काही जात नाही, माल त्याच्याकडेच येणार आहे.

प्लास्टिक पहिले सहा महिने नको म्हणतो तेही याच कारणाने. पहाटे डब्यांतून बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या वेचणाऱ्या बायांची रोजची कमाई त्यावर असते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ या उपक्रमात मुंबईतल्या कचरावेचक बायांना संघटित केलं आहे, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला महापालिकांना सांगितलं होतं. आपण चर्चचा बॅनर लावून त्यांच्या आधी डब्यापाशी पोचायचं नाही. धान्य कापताना शेताच्या कडा सोडा, सरवा गरिबांना आणि परक्यांना वेचू द्या, असं आपल्याला मोशेच्या काळापासून सांगितलेलं आहे. इमारतीत बाटल्या आणि पिशव्या धुऊन वेगळ्या ठेवायची सवय लावा आणि त्या पोत्यासकट तिथे येणाऱ्या बाईच्या हाती द्या. कोरडं, स्वच्छ प्लास्टिक तिला जास्त भावात विकता येतं. तसंही प्लास्टिकमध्ये आपल्याला फारसं कळत नाही. धारावीच्या १३ कंपाउंडात प्रकार आणि रंग बघून प्लास्टिक ज्या वेगाने निवडतात, तो वेग आणि ती नजर रविवारच्या स्वयंसेवकांत येणार नाही.

इतर धर्मांची घरं

एका इमारतीत ख्रिस्ती घरं दोन-चार असतात. बाकीच्यांकडे जायचं का? जरूर जायचं, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी भेटून आणि पैसे कुठे जाणार ते सरळ सांगून: ‘आमच्या चर्चतर्फे गरजूंच्या फी आणि औषधांसाठी रद्दी गोळा करतोय.’ रद्दीबरोबर कसलीही पत्रकं, प्रार्थनेची आमंत्रणं वाटू नका. नाही म्हणणाऱ्याला का म्हणून विचारू नका. नोटीस बोर्डावर एक कागद पुरतो: तारीख, वेळ, काय चालेल, काय चालणार नाही, एका माणसाचा फोन. लिफ्टमधून गठ्ठे न्यायला वॉचमनची हरकत नको म्हणून त्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा.

त्या दिवशी

चार माणसं लागतात. एक गठ्ठे घेतो आणि ओले, घाण असलेले बाजूला काढतो, दोघं वेगळं करतात, चौथा काट्याशेजारी वही घेऊन उभा राहतो. त्याने तिथून हलायचं नाही. वहीत तारीख, माल, वजन, भाव, रक्कम, खाली त्याची आणि रद्दीवाल्याची सही. शेवटच्या मिस्सानंतर तासाभरात आवार मोकळं व्हायला हवं. दुपारी संडे स्कूलची मुलं येतात, त्यांच्या पायात पत्र्याचे तुकडे नकोत. पुढच्या रविवारी फादरांकडून आकडा जाहीर करून घ्या: इतके किलो, इतके रुपये. मदत कुणाला गेली त्यांची नावं कधीही नाही.

रद्दीत न जाणाऱ्या गोष्टी

गठ्ठ्यांत सणाच्या सुकलेल्या झावळ्या सापडतील, तुटकी रोझरी (जपमाळ), संतांची चित्रं, जुनं बायबल. आशीर्वादित वस्तू काट्यावर जात नाहीत. त्या जाळायच्या किंवा पुरायच्या ही आपली पद्धत आहे. झावळ्यांच्या रविवारचे क्रूस तर चर्च मुद्दाम परत मागतं, राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते. एक स्वच्छ खोका वेगळा ठेवा आणि दिवस संपला की धर्मगुरूंकडे द्या. इतर धर्मांच्या घरांतून देवांचे फोटो, पोथ्या, पंचांगं येतील. तीही काट्यावर न ठेवता त्याच घरी आदराने परत करा.

जुने मोबाइल, चार्जर, मिक्सर, सीएफएल दिवे, बॅटऱ्या यांना नकार द्या. दिव्यात पारा असतो, फुगलेली बॅटरी चर्चच्या कोठीत पेट घेऊ शकते. ई-कचऱ्यासाठी अधिकृत पुनर्चक्रणवाले आहेत, तो त्यांच्याकडेच गेला पाहिजे. आज भंगारात घातलेला फोन उद्या कुठल्यातरी गल्लीत हातोड्याने फुटतो आणि आत तुमचे फोटो तसेच असतात. कपडे आले तर तेही वेगळे काढा. चांगले असतील तर एसव्हीपीला विचारा, नाहीतर ज्याचे त्याला परत. बोहारणीशी घासाघीस करायला स्वयंसेवकांना वेळ नसतो.

वर्षाचं वेळापत्रक

साठवणूक शक्यतो करूच नका, त्याच दिवशी माल बाहेर. कोठीत कागद राहिला की उंदीर आणि वाळवी, आणि मेणबत्त्यांच्या शेजारी कागदाचा ढीग ही कल्पनाच नको. नाइलाज झाला तर जमिनीला न टेकता फळ्यांवर ठेवा.

जून ते सप्टेंबर सुट्टी घेतली तरी चालेल. भिजलेल्या कागदाचं वजन वाढतं, पण रद्दीवाला त्यापेक्षा जास्त कापून घेतो, शिवाय गठ्ठा आणणाऱ्या आजी घसरल्या तर मदतनिधी त्यांच्यावरच खर्च व्हायचा. चालू ठेवायचंच असेल तर फक्त धातू घ्या. सप्टेंबरमध्ये मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यात स्वयंसेवक मिळत नाहीत, निम्मी पॅरिश बांद्र्याला असते. जत्रा उरकल्यावर पुन्हा सुरू करा.

उपक्रमाची सुरुवात करायला ईस्टरआधीचा उपवासकाळ चांगला असतो, लोक काहीतरी सोडायच्या आणि द्यायच्या मनःस्थितीत असतात. पण माल सगळ्यात जास्त मिळतो तो दिवाळीच्या आधी, सगळी इमारत माळे रिकामे करते तेव्हा. दुसरा मोठा ढीग नाताळच्या साफसफाईत, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. या दोन रविवारांसाठी रद्दीवाल्याला महिनाभर आधी सांगा, दोन काटे आणि जास्तीची माणसं आणायला लावा, आणि वहीवर दोघांना बसवा.